आठ वाजून पाच मिनिटं

८ फेब्रुवारी

स्वानंदी,

आशीर्वाद. तू ते घेतेस की नाही हे कळायला मला मार्ग नाही, पण द्यायचं काम माझं आहे, ते मी करतो.

मेसेज तू वाचत नाहीस. किंवा वाचतेस आणि निळी खूण दिसू देत नाहीस, तेवढी हुशार तू आहेसच. म्हणून कागद घेतला. तीस वर्षं कीबोर्ड बडवून अक्षराची पार वाट लागली आहे, सांभाळून घे. टपालाची पेटी उघडल्याशिवाय बिलं मिळत नाहीत, तेव्हा हे पाकीट तुझ्या हाताला लागेल एवढी खात्री आहे.

बातमी अशी की घर उभं राहतं आहे. नदीने मागचा अर्धा भाग नेला होता, पुढचा सांगाडा शाबूत होता. पुराचा विमा मी काढला नव्हता हे तुला माहीत आहेच, आईने ते तुला दहादा ऐकवलं असेल. मी पाडून टाकायच्या विचारात होतो. तेवढ्यात नोव्हेंबरमध्ये मेनोनाइट लोक आले. हे एका जुन्या चर्चचे लोक. सैन्यात जात नाहीत, कोर्टात शपथ घेत नाहीत, आणि कुठे पूर, वादळ झालं की हातोड्या घेऊन पोचतात. पगार नाही, पाटी नाही. रविवारी नवी तुकडी येते, शनिवारी जाते, आणि सगळ्यांवर देखरेख करायला व्हर्नन नावाचे एक आजोबा आणि त्यांची बायको लॉइस कायमचे मुक्कामाला आहेत. व्हर्नन चौऱ्याहत्तर वर्षांचे, कॅन्ससमध्ये गव्हाची शेती. सकाळी कामाआधी चार सुरांत गातात, वाद्याशिवाय. पहिल्या दिवशी मला वाटलं आता मलाही धर्मात ओढतील. पण त्यांनी मला फक्त खिळे धरायला लावलं.

शपथ का घेत नाही, असं मी व्हर्ननना विचारलं. ते म्हणाले, शपथ घेतली की एरवीचं बोलणं खोटं असू शकतं असं कबूल केल्यासारखं होतं. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. तुझी आई इथे असती तर तिने माझ्याकडे बघून मान हलवली असती.

एक गंमत. माळ्यावरच्या एका वाशावर आपल्या लिपीत काहीतरी लिहिलेलं सापडलं म्हणे, पेन्सिलीने. व्हर्नन मला वर बोलावत होते. माझा गुडघा शिडी चढू देत नाही. तसंही त्यात काय असणार, माळ्यावर ठेवलेल्या सामानाची यादी असेल. आई माहीत आहे ना तुला. लोणच्याच्या बरणीवरसुद्धा तारीख आणि वेळ टाकायची. जन्मभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून नोंदवल्या, ती सवय जाते थोडीच.

मार्चच्या अठ्ठाविसाला घर माझ्या ताब्यात देतील. त्या दिवशी छोटा कार्यक्रम असतो. तू चँडलरहून विमानाने आलीस तर बरं वाटेल.

आणि ते दुसरं. मोबाइलचा टॉवर सातच्या सुमारास पडला हे मी त्या दिवशी तुला सांगितलं होतं, आजही तेच सांगतो. तुझ्या फोनवर आईचा, इथल्या वेळेने सात चाळीसचा, मिस्ड कॉल होता हे खरं असेल. कंपन्या वेगळ्या असतात, टॉवर वेगळे असतात. त्यावरून तू दहा महिने बापाशी बोलू नयेस एवढं ते मोठं नाही.

बाबा

१ मार्च

स्वानंदी,

उत्तर आलं नाही. हरकत नाही, मीही तुझ्या वयात माझ्या वडिलांना उत्तरं देत नसे.

भिंती बंद व्हायची वेळ आली आहे. या लोकांची एक पद्धत आहे. लाकडी खांबांवर शीट ठोकायच्या आधी प्रत्येकजण त्या लाकडावर काहीतरी लिहितो. घराला आशीर्वाद, बायबलातली ओळ, स्वतःचं नाव. मग शीट लागते आणि ते कुणाला दिसत नाही. मी म्हटलं, दिसणारच नाही तर लिहायचं कशाला. लॉइस म्हणाल्या, घराला दिसतं.

मलाही पेन्सिल दिली. स्वयंपाकघराच्या खांबापाशी मी बराच वेळ उभा होतो. एक मुलगी माझ्या मागे थांबली होती, तिला शीट लावायची होती. शेवटी ‘श्री’ लिहिलं आणि बाजूला झालो. वहीच्या पहिल्या पानावर लिहितात ना, तसं. पुढचं काही सुचलं नाही.

माळ्यावरचं आईचं लिखाणही असाच आशीर्वाद असणार, अशी सगळ्यांची समजूत आहे. लॉइसनी जानेवारीतच बटर पेपरवर ते जसंच्या तसं गिरवून घेतलंय, असं परवा कळलं. कशासाठी, ते सांगत नाहीत, नुसत्या हसतात. त्या तुकडीतल्या लोकांनी म्हणे त्या वाशाला कुणाला हात लावू दिला नाही. बाकीचे कुजके वासे बदलले, तो एक ठेवला. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. हा नाही फिरला.

तुझ्याशी बोलत असतो तर सांगितलं नसतं, पण कागदावर सांगायला लाज वाटत नाही. या घरात फोन वाजतो. भर दुपारी, सगळे जेवायला बाहेर बसलेले असताना. आईचा नाही, माझा. माझा जुना फोन ज्या सुरात वाजायचा, त्या सुरात. आधी वाटलं कुणा पोराचा असेल. विचारलं तर त्यांचे फोन गाडीत होते. आवाज भिंतीतून येतो, स्वयंपाकघर आणि जिन्याच्या मधल्या. आता ती भिंतही बंद झाली, तरी येतो.

तेव्हापासून मी प्रत्येक फोन उचलतो. गाडीची वॉरंटी विकणारा, सोलर विकणारा, कुणाचाही. त्या पोरांशी दहा-दहा मिनिटं बोलतो. कट करवत नाही मला.

या शेवटच्या वाक्याचा काही अर्थ काढू नकोस. म्हातारपण आहे.

बाबा

२९ मार्च

स्वानंदी,

कार्यक्रम काल छान झाला. तू नव्हतीस. अर्विंगहून श्रीरंगकाका मात्र ढोकळ्याचा भलामोठा डबा घेऊन आला होता आणि त्या लोकांनी तो केक समजून आवडीने खाल्ला. गाणी झाली. व्हर्नननी किल्ली दिली. दारात मी नारळ फोडला, त्यांनी तो विधी आदराने पाहिला आणि नंतर खोबऱ्याचं काय करायचं असतं ते विचारलं.

घर देताना हे लोक गोधडीही देतात. हाताने शिवलेली, कॅन्ससच्या बायकांनी. आपल्याकडच्या गोधडीसारखीच, फक्त टाके बारीक. निळ्या रंगाची आहे, फार सुंदर. माळ्यावरचं आईचं लिखाण त्यांनी त्यावर भरतकामात उतरवलंय. लॉइसनी कागद गिरवला होता तो यासाठी. एक अक्षर वाचता येत नसताना बारा बायकांनी हिवाळाभर ते शिवलं.

मला सगळ्यांसमोर वाचून दाखवायला सांगितलं. घराला आणि आपल्या तिघांना आशीर्वाद होता. या घरात सगळे सुखाने राहोत, असा. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

एवढंच. थकलो आहे. तू मजेत असशील.

बाबा

२ एप्रिल

स्वानंदी,

अकरा महिने तीन आठवड्यांनी तुझा मेसेज आला. चार शब्द. “Send pic of quilt.” घर होईपर्यंत राहायला घेतलेल्या ट्रेलरच्या पायरीवर मी बसलो होतो. तुझं नाव स्क्रीनवर बघून रडू आलं, आणि त्याच क्षणी भीती वाटली. कारण तुला मराठी वाचता येतं. ते मीच शिकवलं, दर रविवारी, तू रडत असताना.

फोटो पाठवत नाही. गोधडीच पाठवतो आहे, याच पार्सलमध्ये आहे. आधी हे पत्र वाच, मग ती उलगड. माझं एवढं ऐक.

परवाचं पत्र खोटं होतं. त्याच्या आधीचीही.

कार्यक्रमात दोन बायकांनी गोधडी दोन टोकांना धरून वर उचलली. खालचा भाग लॉइसच्या हातावर घडी होऊन राहिला होता. मला वाटलं होतं, सामानाची यादी. आईचं अक्षर ओळखलं, तिचा तो मोठा ‘य’ ओळखला, आणि मग वाचायला लागलो. जिथे तिचा हात कापला होता तिथे दोराही वाकडा गेलाय, इतकं त्यांनी इमानाने उतरवलंय. काय आहे ते तुला आधी मीच सांगतो.

‘७.१० अंगणात पाणी. ७.२५ घरात, माळ्यावर आले. ७.३० ९११ ला फोन. बोट पाठवतो म्हणाले. ७.३५ ह्यांना फोन. उचलला नाही. ७.४० स्वानंदीला. फोन लॉकरमध्ये असेल. ७.५० ह्यांना. उचलला नाही. ८.०५ ह्यांना. कट केला.’

तिथे घडी होती. त्याच्या पुढचं मला दिसलं नाही आणि दिसावं असं वाटलंही नाही. पन्नास माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. व्हर्नन म्हणाले, वाचा, मोरेश्वर. आणि मी म्हटलं, या घरात सगळे सुखाने राहोत. मराठीत म्हटलं, मग इंग्रजीत. कुणीतरी आमेन म्हणालं. व्हर्नननी एवढंच विचारलं, हेच लिहिलंय ना? मी हो म्हटलं. त्यांनी ते लगेच मानलं. ज्यांना शपथ लागत नाही त्यांच्याशी खोटं बोलणं किती सोपं असतं, आणि नंतर किती जड जातं, ते मला त्या दिवशी कळलं.

आता मुख्य गोष्ट. टॉवर पडला नव्हता.

पुराच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमासाठी अर्विंगला गेलो, आई आली नाही, हे तुला माहीत आहे. का आली नाही ते सांगितलं नव्हतं. आमचं भांडण झालं होतं. तिला घर विकून चँडलरला यायचं होतं, तुझ्याजवळ. मी म्हटलं, जन्मभर मी क्यूबिकलमध्ये बसून या नदीचं स्वप्न पाहिलंय. ती म्हणाली, मग तुम्ही नदीशी संसार करा. मी दार आपटून निघालो. जाताना मात्र सांगितलं होतं, सकाळी सहाला निघून आठला नाश्त्याला घरी येतो.

नाही निघालो. रागाच्या भरात म्हटलं, बसू दे वाट बघत. श्रीरंगच्या स्वयंपाकघरात पोहे खात होतो. फोन दोनदा वाजला, मी उलटा करून ठेवला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा हातात घेतला, नाव पाहिलं, आणि कट केला. श्रीरंगने पाहिलं. आजपर्यंत त्याने चकार शब्द काढलेला नाही, आणि त्या दिवसापासून तो मला दोस्तासारखी हाक मारत नाही.

तू स्मशानातून परतताना विचारलंस, मला आला तर तुम्हाला का नाही आला. मी म्हटलं, टॉवर. तू म्हणालीस, फोन दाखवा. दुसऱ्या दिवशी मी तो फोन श्रीरंगच्या घराजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि तुला सांगितलं, कुठेतरी पडला. एका रिंगेचा प्रश्न नव्हता, पोरी. पाणी माळ्यापर्यंत चढायच्या आत तिला वाचवायला मी काही पोचू शकलो नसतो, दोन तासांचा रस्ता. पण ती माळ्यावर एकटी होती आणि तिला एक आवाज हवा होता, तेवढाही मी दिला नाही. वर्षभर मी हेच गिळत होतो. तुझ्यापासून लपवलं कारण आई गेली, आता तूही जाशील असं वाटलं. आणि तू तर त्या लपवण्यानेच गेलीस.

तुझा मेसेज आल्यावर काल गोधडी पेटीतून काढली. फोटोसाठी ती पूर्ण पसरावी लागली. तेव्हा घडीखालच्या ओळी पहिल्यांदा वाचल्या.

‘कट केला म्हणजे गाडीत नाहीत. फरशीवर नाहीत. देवाची कृपा. आता बोट आली नाही तरी भीती नाही. बॅटरी ४. स्वानंदीला सांगा, शिफ्ट सोडून येऊ नकोस. पाणी उतरलं की मीच फोन करते.’

फरशी म्हणजे आपल्या गावात शिरताना नदीवर जो बुटका पूल आहे तो. पाऊस पडला की त्यावरून पाणी जातं आणि दर वर्षी एखादी गाडी वाहून जाते. आठला घरी यायचं तर पावणेआठला मी त्यावर असतो. गाडीत मी असलो की फोन आपोआप उचलला जातो, ती सोय तिनेच लावून दिली होती, मी गाडी चालवताना फोन शोधतो म्हणून. फोन उचलला जात नव्हता तेव्हा तिला काय वाटलं असेल ते मला कळतं. पाण्यात बुडालेली गाडी फोन उचलत नाही. आणि कट झाला तेव्हा तिला कळलं की कट करायला बोट लागतं, माणूस लागतो. मी कुठेतरी कोरड्यात बसून रागावलो आहे हे कळलं, आणि ती सुटली.

ती मदत मागत नव्हती, स्वानंदी. मला परत फिरवायला फोन करत होती.

मी ही ओळ किती वेळा वाचली माहीत नाही. वाटलं होतं, ती वाचल्यावर हलकं होईल. नाही झालं. तिने मला माफ केलं असतं तर मला तिच्या माफीशी भांडता आलं असतं. तिने तर रागच धरला नाही. तिच्या लेखी मी फक्त सुखरूप होतो.

आज सकाळी गोधडी घेऊन त्या लोकांच्या नाश्त्याला गेलो आणि व्हर्ननना बाजूला घेऊन सांगितलं की मी खोटं वाचलं. त्यांनी रागावून नाही, पण साधेपणाने म्हटलं, ऐकलं सगळ्यांनी होतं, तर सांगायलाही सगळ्यांना हवं. त्यांच्यात तसंच करतात. मग मी टेबलापाशी उभा राहून ओळ न ओळ वाचली, मराठीत आणि मग इंग्रजीत, वेळांसकट. पोहे खात होतो हेही सांगितलं. कुणी गायलं नाही. कुणी खांद्यावर हात ठेवला नाही, ते बरं केलं.

लॉइसनी थोड्या वेळाने विचारलं, प्रत्येकीने एक ओळ शिवली होती, मी शिवलेल्या ओळीत काय लिहिलंय. त्यांनी ती बोट ठेवून दाखवली. मी म्हटलं, आठ वाजून पाच मिनिटं, कट केला.

“अक्षर सगळ्यात नीट होतं त्या ओळीचं,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, ही बाई इथे शांत झाली असणार. मी टाके सगळ्यात बारीक घातले.”

मग व्हर्नननी कानामागची पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. माळ्याची शिडी त्यांनी धरली, गुडघ्याने कुरकुर केली, पण चढलो. वासा डोक्याच्या उंचीपासून खाली उतरत जातो. तिने बसून लिहिलं असणार, कारण ओळी बसून हात पोचेल तिथून सुरू होऊन खाली उतरत आल्या आहेत. शेवटच्या ओळीशेजारी जागा होती. मी लिहिलं, ‘८.०५ मीच कट केला. रागाने. मोरेश्वर.’ नोंद अपुरी ठेवलेली तिला चालत नसे. खाली आल्यावर दुपारभर त्या भिंतीपाशी बसून होतो. फोन आज वाजला नाही. उद्या वाजेल की नाही, मला माहीत नाही.

तुझ्याबद्दल तिने लिहिलेली ओळ नीट वाच. शिफ्ट सोडून येऊ नकोस. तुझा फोन लॉकरमध्ये होता यासाठी तूही स्वतःला छळत असशील, तू माझी मुलगी आहेस, मला ठाऊक आहे. तुमच्या चिपच्या कारखान्यात, क्लीनरूममध्ये फोन नेऊ देत नाहीत हे तिला माहीत होतं, आणि त्यावर तिची काही तक्रार नव्हती. माझ्या आणि तुझ्या सात-आठच्या हिशेबात फरक आहे. तू फोन उचलू शकत नव्हतीस. मी उचलला नाही.

गोधडी तुझी. मी तिच्याखाली झोपू शकणार नाही. तुला नको असेल तर लॉइसना परत पाठव, पत्ता आत आहे, त्यांना वाईट वाटणार नाही.

सोमवारी सहा तारीख. वर्ष होईल. सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी मी तुला फोन करणार आहे. तुझ्याकडे घड्याळ दोन तास मागे, सहा वाजून पाच झालेले असतील, रात्रीची शिफ्ट सुटलेली असेल, फोन लॉकरमधून हातात आलेला असेल. उचलायलाच हवा असं नाही. कट केलास तरी चालेल. मला कळेल की तू सुखरूप आहेस.

बाबा